रशिया मोडला, गायरान जागेवरच आहे

संपादकीय
जळकोट, मार्च १९९२



२५ डिसेंबरला मॉस्कोत क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत युनियन नावाचा देश नकाशावर उरला नाही. रेडिओवर बातमी आली, पेपरात आली, आणि आठ-पंधरा दिवसांत डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर पण पोचली. तेव्हापासून आपल्या प्रत्येक बैठकीत कोणीतरी एक सवाल टाकतंच. कधी गावातला मोठा शेतकरी हसत हसत टाकतो, "रशिया बुडाला म्हणलालेत, आता तुमच्या मोर्च्याचं काय?" कधी आपलीच बारावी झालेली पोरं विचारतात, "समाजवाद खोटा ठरला, मग आपण कशापायी ओरडलालोत?"

पहिल्या सवालावर चिडून उपयोग नाही. दुसरा सवाल तर आपल्या घरातलाच आहे, तो टाळता येत नाही. म्हणून यावेळचं संपादकीय आम्ही त्यालाच दिलं आहे.

हा सवाल आत्ताच का आला ते बघा. गेल्या आठ महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. २४ जुलै १९९१ ला दिल्लीत मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवं उद्योग धोरण जाहीर झालं; कारखानदारांवरचे बरेचसे परवाने गेले, परदेशी भांडवलाला दार उघडलं, खताचे भाव चढले. २८ नोव्हेंबरला मुंबईच्या सरकारनं निर्णय काढला की भूमिहीन मागासवर्गीयांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर आणि सरकारी पडीक जमिनीवर शेतीसाठी जे अतिक्रमण केलं ते नियमित करायचं. आणि डिसेंबरात रशिया मोडला. पहिली आणि तिसरी गोष्ट आपल्यापासून लांब वाटते. मधली गोष्ट आपल्या पायाखालची आहे. पण तिन्हींचा धागा एकच आहे. जमीन कोणाची, ती कशी वापरायची आणि माणसाची प्रगती म्हणायची कशाला, हा तो धागा.

शब्द मोठे, सवाल तीनच

भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद, सर्वोदय, मिश्र अर्थव्यवस्था. शिबिरात हे शब्द ऐकून ऐकून डोकं जड होतं. आपल्या म्हाताऱ्या बायांना तर वाटतं ही पोरं शिकली म्हणून आपल्याला समजू नये असंच बोलतात. म्हणून आम्ही एक साधं माप काढलं आहे. कोणीही येऊन म्हणाला की माझ्या वाटेनं चला, प्रगती होईल, तर त्याला तीन सवाल विचारायचे. जमीन, जंगल, पाणी याचा मालक कोण? काय पेरायचं, काय तोडायचं, कोणाला द्यायचं हे ठरवतं कोण? आणि शेवटी खातं कोण? पायलीनं धान्य मोजतो तसं या तीन सवालांनी प्रत्येक वाद मोजून बघू.

सरकार मालक झालं म्हणजे समाजवाद झाला का?

आपल्या संविधानात 'समाजवादी' हा शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आला. त्याच्या आधी १९५५ ला आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसनं समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर आपण ३७ वर्षं समाजवादात राहतोय. तो आपल्या वाडीवर कसा दिसला?

जंगलाचंच घ्या. निजामाच्या राज्यात जंगल राखीव झालं. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यात जोडेघाटला १९४० साली कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं पडले. गोंड-कोलामांनी पोटासाठी केलेली शेती मोडू नका, जनावरांच्या चराईवर पट्टी लावू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. १९४८ च्या सप्टेंबरात निजाम गेला. जहागिरी गेल्या. राखीव जंगल मात्र राखीवच राहिलं. मालकाचं फक्त नाव बदललं.

पुढं १९६९ च्या कायद्यानं तेंदूपानाचा व्यापार सरकारनं आपल्या ताब्यात घेतला. १९७४ ला वनविकास महामंडळ निघालं. मिश्र जंगल काढून सागाच्या रांगा लावायचं काम सुरू झालं. ज्या रानात मोह, चारोळी, डिंक, कंद मिळायचं तिथं सरळ रेषेत साग उभा राहिला. सागाला शेळीपण तोंड लावत नाही. आता आपले तीन सवाल लावा. मालक सरकार. ठरवणारा साहेब. खाणारा ठेकेदार आणि शहरातला फर्निचरवाला. पान तोडणाऱ्या बाईच्या हाती पुड्याच्या शेकड्यावर ठरलेली मजुरी तेवढी पडते. याला समाजवाद म्हणायचं असेल तर तो सरकारचा समाजवाद, समाजाचा नव्हे.

पण सरकारनं केलेलं सगळंच वाईट, असंही आम्ही म्हणणार नाही. खरं ते खरं सांगितलं पाहिजे. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीनं व्यापाऱ्याच्या काट्यातून कापूसवाल्याला थोडा तरी सोडवला. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली रोजगार हमी तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू आहे. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि खेड्यातल्या माणसानं मागितलं की काम द्यायचं, असा हा कायदा. हमीच्या कामावर मजुरी उशिरा मिळते, माप कमी धरतात, हे सगळं आहेच. तरी फरक बघा. तेंदूपानात सरकार आपल्याला मजूर समजतं. हमीत आपण सरकारकडं हक्कानं काम मागतो, मिळालं नाही तर तहसीलवर जाऊन बसतो. जिथं मागायचा हक्क आपल्या हातात आला तिथं सरकारी योजनासुद्धा आपली झाली.

रशियात काय मोडलं?

मार्क्सचं नाव काढलं की आपल्याकडं लोकांना वाटतं हा कारखान्यातल्या कामगारांचा माणूस, आपला काय संबंध. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १८४१ साली जर्मनीतल्या ऱ्हाईन प्रांतात जंगलात पडलेलं वाळलं लाकूड वेचणं ही चोरी ठरवायचा कायदा चर्चेला आला. गरीब लोक पिढ्यान् पिढ्या ते सरपण वेचत होते. त्यावर १८४२ साली पेपरात गरिबांच्या बाजूनं लिहिणारा मार्क्स तेव्हा २४ वर्षांचा होता. पुढं त्यानंच सांगून ठेवलं की अशा प्रश्नांमुळं आपण अर्थकारणाकडं वळलो. म्हणजे एवढ्या मोठ्या वादाची एक मुळी सरपणाच्या मोळीत आहे. डोक्यावर मोळी आणि मागं गार्ड, हे चित्र आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

१९१७ ला रशियात क्रांती झाली आणि दुसऱ्याच दिवशी जमीनदारी बिनमोबदला रद्द झाल्याचा हुकूम निघाला. जमीन कसणाऱ्याकडं गेली. अडाणी देश एका पिढीत लिहू-वाचू लागला. गावोगाव वीज आणि दवाखाने पोचले. हिटलरच्या फौजेचा कणा तिथंच मोडला. हे सगळं खरं आहे, आणि रशिया मोडला म्हणून ते खोटं होत नाही.

पण १९२९ नंतर काय झालं तेही खरं आहे. कसणाऱ्याला दिलेली जमीन सामुदायिक शेतीच्या नावानं परत घेतली. गावाला विचारलं नाही. जो नको म्हणाला त्याला गावातून उचललं. लोकांनी रागानं आणि भीतीनं स्वतःची जनावरं कापून टाकली. १९३२-३३ ला युक्रेनसारख्या पिकाऊ मुलखात लाखो माणसं भुकेनं मेली, आणि धान्याची वसुली चालूच होती. आता तीन सवाल लावा. मालक कोण, तर कागदावर जनता. ठरवणारा कोण, तर वरची पार्टी. खाणारा कोण, ते वरचाच ठरवणार. सत्तर वर्षांनी हे घर पडलं तेव्हा रशियातला साधा माणूस ते वाचवायला फारसा बाहेर आला नाही. तसं का, याचं उत्तर दुसऱ्या सवालात आहे. ठरवायचा हक्क ज्याच्याकडं नव्हता त्याला ते घर आपलं वाटलं नाही.

म्हणून आपल्या पोरांना आम्ही सांगतो की भूमिहीनाला जमीन, हाताला काम आणि पोराला शाळा ही मागणी मोडली नाही. तुमच्यासाठी आम्ही ठरवतो, तुम्ही गप राहा, असं म्हणणारी रीत मोडली. आपल्या जंगलात ती रीत अजून जिवंत आहे.

अमेरिकेतला पट्टा

आता दुसरी बाजू. पेपरात रोज येतंय की अमेरिका जिंकली, बाजार जिंकला, आता सगळ्यांनी त्याच वाटेनं जायचं. यंदा कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्याला ५०० वर्षं होतील. तिथं उत्सव होणार आहे. पण तिथल्या आदिवासींना काय झालं ते कोणी सांगत नाही. ते आपण समजून घ्यायला पाहिजे, कारण त्यातला एक धडा आपल्या कामाचा आहे.

१८६२ ला अमेरिकेनं कायदा केला की जो कसेल त्याला १६० एकर जमीन जवळपास फुकट. ऐकायला किती चांगलं! त्यातून लाखो गोरे शेतकरी उभे राहिले. पण ती जमीन रिकामी नव्हती, आदिवासी टोळ्यांकडून घेतलेली होती. उरलेल्या आदिवासींसाठी काही मुलूख राखून ठेवला, तो टोळीच्या सामाईक मालकीचा होता. मग १८८७ ला डॉज कायदा आला. त्याचं म्हणणं असं की आदिवासी मागास राहिलेत ते जमीन सामाईक आहे म्हणून. प्रत्येक घराला वेगळा पट्टा द्या, म्हणजे ते सुधारतील. घरटी १६० एकरापर्यंत वाटले. २५ वर्षं विकायची नाही अशी अट घातली. वाटून जी उरली ती 'जादा' ठरवून गोऱ्यांना विकली. पुढं विकायची अट सैल केली, मग करापायी, कर्जापायी, फसवणुकीपायी पट्टेपण गेले. १८८७ ला आदिवासींकडं जवळपास १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ ला सरकारनं हा प्रकार थांबवला तेव्हा ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. ४७ वर्षांत तीन वाट्यांपैकी दोन वाटे गेले. यातली बरीच जमीन कागदावर सही करून, कायदेशीर गेली.

सगळं सरकारचं केलं की रशियासारखं होतं. सगळं एकेकट्याचं आणि विकाऊ केलं की असं होतं. म्हणून मालकीच्या सवालावर घाईनं उत्तर देऊ नका.

बाजारात उभं राहायला जमीन लागते

आपल्या नांदेड-परभणीकडं शेतकरी संघटनेचं बळ आहे. शरद जोशी यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याची गरिबी सरकारनं भाव पाडल्यामुळं आहे; सरकार बाजूला झालं, बाजार मोकळा झाला की शेतकरी आपोआप उभा राहील. डंकेल प्रस्तावालाही त्यांचा विरोध नाही. हा विचार टाकाऊ नाही. भाव पाडले जातात हे आपण तूर विकताना बघतोच. शेतकऱ्यानं बायकोच्या नावावर जमीन करावी यासाठी त्यांनी चालवलेली लक्ष्मीमुक्तीची मोहीम तर आपण उचलावी अशीच आहे.

पण आमचा त्यांना एक सवाल आहे. ज्याच्याकडं विकायला पोतं आहे त्याला भाव मिळेल. ज्याच्याकडं पोतंच नाही त्यानं बाजारात काय विकायचं? तो आपले हात विकतो. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो. नाही तर हैदराबादकडं बांधकामावर जातो, नाही तर वीटभट्टीवर जातो. तो बाजार मोकळाच आहे, त्यात सरकार कुठं आडवं येत नाही. तिथं भाव कोण ठरवतं हे कोयत्यावर गेलेल्या प्रत्येक जोडप्याला माहीत आहे. बाजारात ताठ उभं राहायला पायाखाली जमीन लागते. आधी जमीन, मग भावाची गोष्ट. आणि जमीन बाजारानं भूमिहीनाला कधी दिली नाही.

आपल्याकडच्या वाटा

हा वाद रशिया-अमेरिकेचाच आहे असं नाही. आपल्या मातीत चार-पाच वाटा निघाल्या, त्यापण बघू.

ठाणे जिल्ह्यात १९४५ ला वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वेठबिगार मोडली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. त्यातून वेठ कायमची गेली. शेजारच्या तेलंगणात १९४६ ते १९५१ सशस्त्र लढा झाला. गावोगाव जमीनदाराची जमीन वाटली. लढा मोडल्यावर त्यातली बरीच परत गेली. पण त्याच्याच धाकानं जहागिरी संपल्या आणि १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला.

त्याच नलगोंडा जिल्ह्यात १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला विनोबांना पहिलं भूदान मिळालं. गावातल्या हरिजनांनी ८० एकर मागितली, रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. विनोबांनी ५ कोटी एकर मागायचं ठरवलं होतं, ४० लाखांवर मिळाली, आणि त्यातली पुष्कळ खडकाळ नाही तर वादातली निघाली. मन बदलतं हे खरं आहे, पण मन बदलायची वाट बघत भूक थांबत नाही.

कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ ला झाला, १९७५ ला कडक झाला, कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर झाली. पण जमीन आधीच पोरा-पुतण्यांच्या, गड्यांच्या, कधी कधी बैलाच्या नावावर गेली असं लोक बोलतात.

आणि दलित भावांची वाट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ लाच 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात मांडलं होतं की शेतजमीन राज्याची असावी, गावानं ती सामुदायिक कसावी, कोणी जमीनदार नको, कोणी भूमिहीन नको. हे संविधानातच लिहून ठेवावं, म्हणजे सरकार बदललं तरी ते बदलणार नाही. ते झालं नाही. पुढं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला मराठवाड्यात आणि खानदेशात, आणि १९६४ च्या ६ डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो बाया-माणसं तुरुंगात गेली. १९७८ चा गायरानाचा निर्णय आणि परवाचा २८ नोव्हेंबरचा निर्णय ही त्याच झाडाची फळं आहेत. सरकारला दया आली म्हणून हे निघाले नाहीत. म्हणून गायरानावर दलित वस्ती आणि आदिवासी वाडी यांच्यात जो कोणी भांडण लावेल तो आपला माणूस नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो.

आणि आपली स्वतःची वाट? संविधान सभेत १९४६ ला जयपालसिंग मुंडा बोलले होते की लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल. आपल्या जुन्या रितीत पंच बसायचे, शिकारीचे वाटे समान पडायचे, विधवेच्या घरीपण वाटा जायचा. त्यात सगळं सोनं होतं असं नाही. बायांना पंचात जागा नव्हती. पण तिसरा सवाल, खातं कोण, त्याचं उत्तर आपल्याकडं 'सगळे' असं होतं. गडचिरोलीकडं मेंढा गावानं ही रीत नव्यानं उभी केली आहे. गावसभेत बाया बसतात, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि जंगल गाव राखतं. पुस्तकात त्या वादाचं नाव काय आहे हे आम्हाला महत्त्वाचं वाटत नाही.

मग गायरानाचं काय करायचं?

आता कामाचं. आपल्या बैठकांत सध्या कडाक्याचा वाद चाललाय, तो लपवायचा नाही. काही जण म्हणतात, १९९० आधीचं जे आहे ते नियमित होईलच, पण उरलेल्या गायरानातपण आत्ताच नांगर घालू. आज नाही तर उद्या दुसरा निर्णय निघेल. १९७८ नंतर १९९१ ला निघाला, तसा आणखी निघेल. दुसरे म्हणतात, मग शेळ्या कुठं चारायच्या?

हिशेब करून बघा. समजा एका वाडीला ६० एकर गायरान आहे आणि २० घरं आहेत. घरटी २ एकर कसतात, म्हणजे ४० एकर झालं. उरलं २० एकर. ते वाटलं तर घरटी अजून एक एकर. मुरमाड माळावर एक एकर म्हणजे चांगल्या सालात दोन-चार पोती ज्वारी. भुकेल्या घराला ही थोडी नव्हे, आम्हाला ते कळतं. पण त्या २० एकरावर वाडीच्या सगळ्या शेळ्या चरतात. बाईच्या हातात रोख पैसा येतो तो शेळीचा. आजारपणात, लग्नात, शाळेच्या फीला शेळी विकली जाते. शेळ्या गेल्या की सावकार आला. सावकार आला की ते तीन एकरपण गेलेच म्हणून समजा. शिवाय त्याच माळावर धनगर भावांची मेंढरं येतात, पळसाची पानं, सिताफळं, गवत तिथलंच. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. कसलेली जमीन घरटी, राहिलेलं रान सगळ्यांचं. यात तोटा आहे, एक एकराचा आहे, आणि तो भूमिहीन घरांनाच सोसायचा आहे. तेवढा सोसून बाकीचं राखावं असं आम्हाला वाटतं. पण शेवटी हे वाडीनं ठरवायचं. आम्ही जळकोटात बसून ठरवलं तर आम्ही आणि रशियातली पार्टी यात फरक काय राहिला?

वाडीच्या बैठकीत पुढचे मुद्दे घ्या.

एक. १४ एप्रिल १९९० आधी कसत असलेल्या प्रत्येक भूमिहीन घराचा अर्ज गेलाच पाहिजे. तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद आहे का बघा. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, नोटिसा काहीही टाकून देऊ नका. ज्या कागदानं काल आपल्याला गुन्हेगार ठरवलं तोच आज पुरावा आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. कोणी पैसे मागितले तर एकट्यानं बोलू नका, दहा जण मिळून जा.

दोन. जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर मागा. तण बाई काढते, राखण बाई करते, पोलीस आले तेव्हा नांगरासमोर आडव्या बायाच पडल्या. सातबाऱ्यावर तिचं नाव नको कसं?

तीन. मिळालेली जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, बटईच्या नावाखाली मोठ्या शेतकऱ्याला द्यायची नाही. सरकार वर्ग दोनचा शिक्का मारतं तो एक अडसर आहे, पण अमेरिकेतपण अडसर होता. खरा अडसर गावाचा. कोणी अडचणीत आला तर वाडीनं मिळून मदत करायची असा ठराव आधीच लिहून घ्या. मूठभर धान्याची पेटी सुरू करा.

चार. गायरानावर मोठ्या शेतकऱ्यांची अतिक्रमणं असतील तर त्यांची यादी करा. हा निर्णय भूमिहीनांसाठी आहे, बागायतदारांसाठी नव्हे.

पाच. किनवट-माहूरकडच्या गावांनी ध्यानात ठेवा की वनजमिनीला हा निर्णय लागू नाही. तिथं १९८० चा वन संवर्धन कायदा आडवा येतो, दिल्लीची परवानगी लागते. म्हणून तिथली लढाई वेगळी आणि लांबची आहे. ज्यांची शेती १९८० च्या आधीची आहे त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी, जुन्या पावत्या, विहिरी, बांध, देवाचं ठाणं, मढ्याची जागा सगळं लिहून ठेवावं. आणि जंगल तोडून नवी शेती काढायची नाही. जंगल आमचं म्हणायचं असेल तर राखणपण आपणच केली पाहिजे.

आम्ही कोणत्या वादाचे?

लोक विचारतात, तुम्ही नक्की कोण, लाल का निळे का पांढरे? आम्ही म्हणतो, तीन सवालांचे. जमीन कसणाऱ्याची आणि रान गावाचं. ठरवणार गावसभा, बाया धरून. आणि खाणार ते जे राबतात, आणि ज्यांना राबता येत नाही ते म्हातारे-कोतारे, लेकरं. याला कोणी समाजवाद म्हणालं तर आमची ना नाही. कोणी लोकशाही म्हणालं तरी चालेल. उद्या डंकेल आला, परदेशी कंपनी आली, नवीन सरकार आलं, तरी माप हेच राहील.

पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक वाडीनं बैठक घ्यावी. गायरानाचं किती वाटायचं, किती राखायचं ते ठरवून ठराव लिहावा, सह्या-अंगठे घ्यावेत आणि आमच्याकडं पाठवावा. आमच्या मताच्या उलट ठरलं असेल तरी पाठवा, कारणासकट छापू. कागद आणि शाई कमी आहे, म्हणून हा अंक एका वाडीला एकच मिळेल. ज्याला वाचता येतं त्यानं पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवावा. बाया कामावरून आल्यावर वाचावा, म्हणजे त्यापण बोलतील.

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं रान!
जोहार! जय सेवा! जय भीम!